डावा कोपरा

माझी नात पुण्यात सातवीत शिकते आणि शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. दर रविवारी तिचा फोन येतो. आजीशी बोलून झालं की फोन माझ्याकडं. गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी तिनं विचारलं, "आबा, आमचे सर सारखं म्हणतात, डिफेन्स महत्त्वाचा, डिफेन्स महत्त्वाचा. पण दीड तासाच्या प्रॅक्टिसमध्ये सव्वा तास शूटिंगच करून घेतात. त्यांना डिफेन्स खरंच आवडतो का हो? का नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात?"

पोरीची जागा बचावातली. समोरच्याला बास्केटपर्यंत येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. तिच्या नावावर गुण फारसे लागत नाहीत आणि ते तिला आता टोचायला लागलं असावं. मी म्हटलं, "विचार करून सांगतो बाळ."

विचार तर मी 38 वर्षं करत होतो.

आमचे सर मूळचे या गावचे नव्हेत. 1975च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन आले आणि कृष्णाकाठचं पाणी मानवलं म्हणून इथंच राहिले. उंचीनं बेताचे, पण पायात स्प्रिंग बसवल्यासारखे. स्वतः जुने चढाईवाले. शाळा सुटली की पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि ओढ्यापलीकडच्या गायरानात आम्हाला घेऊन जायचे. काळ्या रानात मैदान करणं म्हणजे मोठा व्याप. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. आम्ही नदीचा पोयटा बैलगाडीनं आणून टाकला, पाणी मारलं, रस्त्याच्या कामावरचा दगडी रूळ मागून आणून फिरवला. फक्कीला पैसे नसायचे, म्हणून रेषा राखेनं आखायच्या. घरोघरच्या चुलीतली राख गोळा करायचं काम बारक्या पोरांचं.

सरांची चढाई मी पाहिली तेव्हा ते चाळिशीकडं झुकलेले होते. तरी बघत राहावं असं काम. मध्यरेषा ओलांडताना अंगात घाई नाही. डावीकडं जातोय असं दाखवायचं, खांदा पाडायचा, आणि तुम्ही त्या खांद्याकडं बघत असताना उजव्या पायाचा अंगठा तुमच्या पोटरीला लागलेला असायचा. मागं लाथ मारायची तर बघून मारत नसत. गडी कुठं आहे हे त्यांना पाठीनं कळायचं. हे सगळं ते शिकवायचेही जीव तोडून. एक पायटप्पा दोनशे वेळा करून घ्यायचे. पण शिकवायचे तिघांनाच. सुताराचा पोरगा, त्याचा चुलतभाऊ आणि शाळेच्या शिपायाचा धाकटा, हे आमचे चढाईवाले. बाकीचे आम्ही चौघं त्यांच्या सरावाला लागायचो. नेम धरायला मडकी लावतात ना, तसे.

मी डावा कोपरा. ज्यांनी खेळ जवळून बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोपऱ्यातल्याचं काम घोट्याचं. चढाईवाला आत आला, निदान रेषा ओलांडली, त्याचा एक पाय जड झाला, की खाली झेपावून दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि छातीशी ओढून घ्यायचा. तोवर साखळीतला जोडीदार त्याच्या अंगावर पडतो, बाकीचे धावतात. हे अर्ध्या पळात व्हायला लागतं. चुकलं तर तुमचा हात त्याला लागलेला असतो आणि तुम्ही बाद. बरोबर आलं तरी त्याचा गुडघा तुमच्या तोंडावर येतोच. माझी डाव्या हाताची करंगळी तशीच गेली. वैदूनं बसवली, वाकडीच बसली. अजून धार काढताना ती बाजूला उभी राहते आणि म्हैस वळून बघते.

तर आता सरांविरुद्धचा पुरावा मांडतो, कारण इतकी वर्षं मी तो मनात मांडतच आलोय. एक म्हणजे दूध. गावातल्या मंडळानं तिघा चढाईवाल्यांना रोज अर्धा अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचा रतीब लावला होता. सरांनीच लावायला लावला. आमच्या घरात तेव्हा दूध डेअरीला जायचं, चहात बिनदुधाचा कोरा. सराव झाल्यावर ते तिघं देवळाच्या पायरीवर बसून पेला तोंडाला लावायचे आणि आम्ही पायातले काटे काढायचो. दुसरं, सामना जिंकल्यावर सर कुणाच्या पाठीवर थाप मारायचे, ते सांगायला नको. आणि तिसरं, जे मला सगळ्यात लागायचं, ते नावाचं. चढाईवाल्यांना ते नावानं हाक मारायचे, लाडाच्या नावानं. आम्हाला जागेनं. "ए डावा कोपरा, सरक." "उजवा कोपरा, झोपलास व्हय?" अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली खेळलो, मैदानावर माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

पण तोंडानं मात्र, माझ्या नातीचे सर म्हणतात तसंच, आमचे सरही म्हणायचे. कुठल्याही स्पर्धेच्या आधी आम्हाला गोल बसवून सांगायचे, "पोरांनो, पकडीवर सामना जिंकतात." आम्ही एकमेकांकडं बघायचो.

बरीच वर्षं मला वाटायचं, हे सगळं खोटं आहे. मग कधीतरी लक्षात आलं की खोटं नव्हतं. कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो. आपल्या संघानं समोरचा एक मारला की बाहेर बसलेल्यांतला एक आत येतो, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं. म्हणून जुनी माणसं या प्रकाराला संजीवनी म्हणायची. गामिनीत तसं नव्हतं, तिथं गेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. आता बघा, सगळ्यात जास्त वेळा बाहेर कोण बसणार? जो शत्रूच्या घरात शिरतो तोच. सुतार बाहेर बसला की सरांचा जीव खालीवर व्हायचा. रेषेबाहेर उकिडवे बसून ते आमच्यावर ओरडायचे, "धरा रं एक! त्याला आत आणा!"

म्हणजे पकडीची किंमत त्यांना पुरेपूर होती. पकड म्हणजे सुताराला आत घ्यायचं दार. नातीला मी हेच विचारलं, "तुमच्या सरांना चेंडू हिसकावून घेतलेला आवडतो का?" तर म्हणाली, "हो, खूप! कारण मग पळत जाऊन लगेच बास्केट करता येतं." बघा. तिकडं पुण्यात, गुळगुळीत लाकडी मैदानावर, आमच्याच सरांचा भाऊ.

पण माझं दुखणं याच्याही पलीकडचं आहे.

आमचे दादा शाळू करायचे. शाळू हुरड्यात आला की पाखरं उतरतात आणि मग पहाटेपासून माळ्यावर उभं राहून राखण करावी लागते. हातात गोफण असते, पण राखणदार जितका चांगला तितके खडे कमी. दादा पाखराला कधी मारत नसत. नुसते माळ्यावर दिसत राहायचे, मधूनच एक हाळी द्यायची, गोफणीचा नुसता आवाज काढायचा. आम्ही पोरं मात्र नेम धरून दगड मारायचो, आणि आम्ही एका पाखराच्या मागं लागलो की दुसऱ्या कोपऱ्यात थवा उतरायचा. दादा म्हणायचे, "तुला पाखरू पायजे का शाळू?"

पकड आणि राखण यात फरक आहे. पकड ही एका अर्थानं चढाईच, फक्त आपल्या घरात बसून केलेली. झेप आहे, गुण आहे, टाळ्या आहेत. राखणीत काही होत नाही. समोरचा येतो, हात फिरवतो, पाय टाकतो, आपण सरकत राहतो आणि तो हात हलवत परत जातो. गुणफलक जसाच्या तसा. प्रेक्षक कंटाळतात. सरांना हे बघवत नसे. रिकामी चढाई करून समोरचा परत गेला की त्यांचा चेहरा भाकरी करपल्यासारखा व्हायचा. "काय देव्हाऱ्यात बसलाय काय?" म्हणायचे.

आता 1986 सालचं. शेजारच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेतल्या स्पर्धा, खुला गट, अंतिम सामना रात्री साडेदहाला. हॅलोजनचे दिवे, चारी बाजूंनी बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, त्यावर माणसं. त्या काळात मुंबईतल्या कंपन्या, बँका, रेल्वे, पोलिस यांचे कबड्डीचे संघ असायचे आणि चांगल्या खेळाडूला नोकरी लागायची. त्या रात्री एका कंपनीकडून पोरं बघायला एक पाहुणे आलेत, पांढरी पँट, खुर्चीवर बसलेत, अशी कुजबूज दुपारपासून होती. आमच्या घरी दोन एकर आणि तिघं भाऊ. मी तेव्हा बावीस वर्षांचा. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

शेवटची चढाई समोरच्यांची. गुण 23-22, आम्ही एकानं पुढं. आत आम्ही तिघं, मी, माझा साखळीतला जोडीदार आणि उजवा कोपरा. सुतार बाहेर. पंचांनी शिट्टी हातात धरलेली. ही चढाई संपली की सामना संपला. नियमाचं गणित सरळ होतं. त्याला मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडायलाच हवी, नाहीतर तोच बाद. आम्ही तिघांनी मागच्या रेषेला चिकटून पाय वाचवत सरकत राहायचं. तो रिकामा गेला की सामना आमचा. एखादा लागलाच तर बरोबरी, मग पाच-पाच चढाया आणि सुतार आत. हरायचं असेल तर दोघांनी मिळून त्याच्या अंगावर जायला हवं होतं.

मी जोडीदाराचा हात दाबला. आमची खूण होती, एकदा दाबला की मागं, दोनदा दाबला की झेप. मी एकदा दाबला. तो आला, माझ्याकडं आला, पाय टाकला आणि परत घेतला. पुन्हा टाकला. मी मागं. गर्दीचा असा काही गलका की स्वतःचा श्वास ऐकू येईना. त्या गलक्यातून सरांचा आवाज आला, डाव्या बाजूनं, रेषेजवळून. "डावा कोपरा, धर!"

मी झेपावलो. घोटा हातात आला. अजूनही हाताला आठवतो, घामानं ओला आणि मातीनं खरखरीत. जोडीदार त्याच्या कमरेवर. तो आम्हा दोघांना घेऊन पडला, पडता पडता लांब झाला, आणि त्याची बोटं मध्यरेषेच्या राखेवर टेकली. दोन गडी. 23-24.

ट्रॉलीतून परत येताना कुणी बोललं नाही. सर सुताराशेजारी बसले होते. पांढऱ्या पँटवाल्या पाहुण्यांनी सुताराचा पत्ता लिहून नेला. पुढच्या जूनमध्ये तो मुंबईला गेला, नोकरीला लागला, आता निवृत्त होऊन डोंबिवलीत असतो. त्याबद्दल माझं काही नाही. तो होताच तसा. 1990ला बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली, भारतानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. पण रात्री उसाला पाणी पाजायची पाळी असली की बांधावर उभं राहून मी तो आवाज किती वेळा ऐकला असेल, त्याला गणती नाही. त्या पकडीचा कुणालाही उपयोग नव्हता. सुताराला आत आणायचं नव्हतं, सामनाच संपत होता. तरी सर म्हणाले, धर. त्यांना रिकामी चढाई बघवली नाही, मग जिंकायचं असलं तरी. असा निकाल मी लावला होता. सरांकडं जाणं कमी केलं. सणाला नमस्कार, एवढंच.

2024च्या मार्चमध्ये त्यांच्याकडं गेलो ते त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला म्हणून. त्या दिवशी, 1 तारखेला, प्रो कबड्डीचा अंतिम सामना होता. पुणेरी पलटण आणि हरयाणा स्टीलर्स. सरांचा डावा हात मांडीवर पडलेला, बोलणं थोडं जड, पण डोळे टीव्हीवर. मला बघून आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "डावा कोपरा आलाय. चहा टाका."

सामना बघत बसलो. पंकज मोहितेनं एका चढाईत चार गुण आणले तेव्हा सरांचा चांगला हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागला. मी मुद्दाम शादलुईचा विषय काढला. इराणचा मोहम्मदरझा शादलुई, जागा डावा कोपरा. पुण्यानं त्याला लिलावात 2 कोटी 35 लाखांना घेतला होता. मी म्हटलं, "सर, डाव्या कोपऱ्याला सव्वादोन कोटींच्या वर मिळतात आता." सर म्हणाले, "आणि पवन सेहरावतला? दोन साठ. चढाईवाला पुढंच हाय अजून." आणि हसले, अर्ध्या तोंडानं. मलाही हसू आलं. तीन किंवा त्याहून कमी गडी आत असताना पकड केली तर तिथं एक जादा गुण मिळतो, हे टीव्हीवर सांगत होते. आमच्या वेळी तो असता तरी त्या रात्री काय फरक पडला असता म्हणा.

पुणे जिंकलं, 28-25. बाहेर कुणीतरी फटाका लावला. आणि मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं. "सर, 86च्या फायनलला शेवटच्या चढाईला तुम्ही मला धर का म्हणालात?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. आधी वाटलं, आठवत नसेल. मग म्हणाले, "धर न्हाय म्हनलो. दम धर म्हनलो."

मी गप्प.

"दम धर म्हनत हुतो तुला. मागं सरक म्हनून हात बी करत हुतो. तू बघितलंच न्हाईस." मग जरा थांबून, "मला वाटलं तुला त्या खुर्चीवाल्याला दाखवायचं हाय."

चहा आला. मी प्यालो. काय चव होती सांगता येणार नाही.

घरी येईपर्यंत मी ते अक्षर अक्षर तपासलं. दम धर. त्या गलक्यात 'दम' हरवला असेल का? असेलही. पण अकरा वर्षांत सर कुणाला दम धर म्हणाल्याचं मला आठवत नाही. धरा, घुसा, मारा, हेच शब्द. म्हाताऱ्या माणसानं इतक्या वर्षांत स्वतःला बरं वाटेल असं काही घडवून घेतलं नसेल कशावरून? आणि उलट, मीसुद्धा तेच केलं नसेल कशावरून? खुर्चीवाल्या पाहुण्यांकडं मी बघितलं होतं, हे खरं आहे. झेपेच्या आधी की नंतर, ते आता शपथेवर सांगता येत नाही. जोडीदार मात्र अजून म्हणतो की तू हात दोनदा दाबलास.

सुताराला डोंबिवलीला फोन केला. तो त्या वेळी सरांच्या शेजारीच रेषेबाहेर बसलेला होता. त्याला म्हटलं, "खरं सांग लका, सर काय म्हणाले होते?" तो म्हणाला, "मला न्हाय आठवत गड्या. मी डोकं गुडघ्यात घालून बसलो हुतो."

सर त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत डाव्या बाजूला मी होतो. ते मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, गर्दीत तशी जागा मिळाली.

नातीला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. दिवाळीत ती आली तेव्हा हे सगळं तिला सांगितलं, थोडं गाळून. ती म्हणाली, "मग त्यांना डिफेन्स आवडायचा की नाही?" मी म्हटलं, "पकड आवडायची. राखण आवडायची नाही, असं मी समजत होतो." तिला ते फारसं पटलं नसावं. पायानं अंगणातली राख सारवल्यासारखं करत उभी राहिली.

मग मीच विचारलं, "तुमचे सर मैदानावर तुला हाक कशी मारतात?"

"कशी म्हणजे? नावानं. का हो?"

"काही नाही," म्हटलं, "चल, जेवायला वाढलंय."